दोन कोमट फरश्या

पत्राचा गोषवारा : नाशिकच्या इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. घरात त्या, आठवडाभर नोकरीसाठी पुण्यात असणारे यजमान, दहावीतला मुलगा आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात. दिवाळीनंतर दोनदा रात्री बाथरूमला जाताना त्यांचा तोल गेला. म्हणून पलंगापासून बाथरूमपर्यंत, साधारण नऊ फूट, स्टीलचा कठडा करायचं ठरलं. फॅब्रिकेटर मापं घेऊन गेला. चार उभे खांब, प्रत्येकाच्या तळपट्टीला चार भोकं, शेवटचा खांब बाथरूमच्या आत. पॅसेजला डाव्या हाताला सहा फूट भिंत आहे, पुढचे तीन फूट हॉलकडे उघडे. अडचण अशी की सहा वर्षांपूर्वी घराचं काम काढलं तेव्हा गच्चीवरच्या सोलरची गरम लाइन आणि टाकीची गार लाइन स्वयंपाकघरात नेताना याच पॅसेजच्या फरशीखालून नेली. प्लास्टिकचे पाइप, नक्की कुठून गेलेत ते कुणालाच आठवत नाही. ठेकेदार फोन उचलत नाही. यजमान म्हणतात, पाइप शोधायचं मशीन ऑनलाइन मागव. ओळखीचा प्लंबर म्हणतो, मशीन कशाला, ठोकून सांगतो. दीर म्हणतात, भोक दोन इंचाचं, पाइप खोल असतो, काही होत नाही. खालच्या मजल्यावरच्यांशी मागच्या गळतीवरून बोलणं बंद आहे. पत्राच्या अगदी शेवटी एक वाक्य आहे : 'सासूबाई म्हणतात, थंडीत सकाळी पॅसेजमधल्या दोन फरश्या पायाला कोमट लागतात, पण आता त्यांचं वय झालंय.' मशीन घेऊ की प्लंबरवर विश्वास ठेवू, असा ताईंचा प्रश्न आहे.

ताई,

मशीन की प्लंबर, ते सांगतोच. पण आधी कठड्याचं बघू. भोकं सोळा पाडायची की चार, की एकही नाही, यावर पुढचं सगळं ठरतं.

सहा फूट भिंत असताना फरशीत खांब कशाला, हे फॅब्रिकेटरला विचारलंत का? बहुधा नाही, आणि त्यानेही स्वतःला विचारलं नसणार. त्याचं रोजचं काम म्हणजे जिना, बाल्कनी, गच्ची. खाली तळपट्टी, वर खांब, त्यावर पाइप. त्याच्याकडे कठडा मागितला की हेच येणार. शिंप्याकडे पिशवी शिवायला दिली तर तिलाही तो काज-बटण लावतो, तसं.

आज रात्री एक काम करा. पॅसेजमधला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला अगदी लगटून धरा आणि तिरक्या उजेडात रंग बघा. कमरेच्या आसपास एक तेलकट, जरा काळपट पट्टा दिसेल. घरात म्हातारं माणूस असलं की तो असतोच. आपण तो दिवाळीला पुसून काढतो आणि मुलाच्या नावावर खपवतो. सासूबाईंचा हात रोज रात्री जिथे आधार शोधतो तीच ही जागा. त्या पट्ट्यावर भिंतीला ब्रॅकेट मारून गोल दांडा बसवला तर सहा फुटांचा प्रश्न फरशीला हात न लावता मिटतो. उंची पुस्तकात ८० ते ९० सेंटीमीटर सांगतात. तुम्ही सासूबाईंना चपलेशिवाय, रोजच्यासारखं थोडं वाकून उभं करा आणि सैल सोडलेल्या हाताच्या मनगटापर्यंत मोजा. पट्टा आणि मनगट बहुतेक जुळतील. नाही जुळले तर मनगटाचं ऐका.

भिंतीतही काही नसेलच असं नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर आडवं, या तीन दिशांना वायरिंगचे पाइप गेलेले असतात. तिथे भोक नको. शिवाय भिंतीचा जो तुकडा बाथरूमला पाठ लावून आहे, त्यात पलीकडून नळाची लाइन दाबलेली असू शकते. पलीकडे जाऊन नळ, शॉवर आणि गीझरचे पॉइंट कुठे आहेत ते टेपने मोजून इकडच्या बाजूला पेन्सिलने उतरवून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे झालेली नुकसानं मी मोजायची सोडून दिली आहेत.

राहिले तीन फूट उघडे. तिथे एक खांब लागेल. फरशी आणि छत यांच्यामध्ये जॅकसारखा दाबून बसवायचा खांबही मिळतो, त्याला भोक लागत नाही. मात्र वर पीओपीचं छत असेल तर तो विचार सोडा, दाबाने पीओपीच चिरेल. म्हणजे एका खांबाची चार भोकं धरून चालू.

आणि बाथरूमच्या आतला खांब रद्द करा. त्यावर मी वाद घालणार नाही. बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो, त्यात ड्रेनेजचे पाइप, वर भराव, त्यावर वॉटरप्रूफिंग आणि मग टाइल. पाइप चुकवला तरी वॉटरप्रूफिंगला भोक पडणारच. त्यातून रोजच्या आंघोळीचं पाणी थेंबाथेंबाने भरावात उतरतं आणि वर्षभराने खालच्यांच्या छताला पोपडे सुटतात. तुमच्या बाबतीत ते खालचे कोण आहेत, ते तुम्हीच लिहिलंय. कमोडजवळचा आधार भिंतीला मारा, नाहीतर कमोडभोवती उभी राहणारी, हाताच्या दोन दांड्यांची फ्रेम आणा. सर्जिकल सामानाच्या दुकानात सहज मिळते.

एवढं झाल्यावर तुमचा प्रश्न बराच लहान होतो. नऊ फूट पॅसेजमध्ये पाइप कुठून कुठे गेलाय याचा नकाशा आता लागत नाही. पाइप नसलेली एक वीतभर जागा मिळाली की झालं.

आता दिरांचं म्हणणं घेऊ. 'दोन इंचाने काय होतंय' हे वाक्य मी साइटवर तीस वर्षं ऐकलं आहे आणि बहुतेक वेळा ते म्हणणारा माणूस भोक पाडताना हजर नसतो. हिशेब करून बघू. तुमची व्हिट्रिफाइड टाइल धरा १० मिलिमीटर. तिच्याखाली माल, म्हणजे वाळू-सिमेंटचा थर, धरा ४५. त्याखाली स्लॅब. म्हणजे स्लॅबचा माथा फरशीच्या वरच्या बाजूपासून ५५ मिलिमीटर खाली. नंतर टाकलेला पाइप स्लॅब फोडून घालत नाहीत, तो स्लॅबवर ठेवतात आणि त्यावर माल पसरतात. पाऊण इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाइप, बाहेरून २२ मिलिमीटर जाड असतो. ५५ मधून २२ गेले, राहिले ३३. म्हणजे पाइपची पाठ फरशीपासून सव्वा इंचावर आहे. आणि मिस्त्रीने पाइपखाली विटेचा तुकडा सारला असेल तर इंचावरच. दोन इंचाचं भोक त्याच्या आरपार जातं.

याच हिशेबात दुसरी गोष्ट दडली आहे आणि ती मला पाइपपेक्षा जास्त खुपते. कठड्याला सर्रास तीन इंची अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट, वापरतात. तीन इंच म्हणजे ७५ मिलिमीटर. त्यातले ५५ टाइलमध्ये आणि मालात गेले. काँक्रीटला पकड मिळाली जेमतेम २० मिलिमीटर. मालाची पकड धरूच नका, तो नखाने खरवडला तरी सुटतो. एरवी हात ठेवायला असा खांब चालेल. पण तोल गेलेलं माणूस सगळं वजन एका बाजूला टाकतं, आणि नेमक्या त्या रात्री तो खांब टाइलसकट उपटून येईल. तेव्हा खांब बसवायचाच तर फास्टनर लांब हवा, भोक चार-साडेचार इंच हवं, आणि मग तर खाली काय आहे ते कळल्याशिवाय गत्यंतरच नाही. स्लॅबच्या सळ्याही तिथेच, काँक्रीटच्या पृष्ठभागाखाली २० मिलिमीटरच्या पुढे कुठेतरी असतात. सळई लागली तर बिट, म्हणजे ड्रिलचं पातं, किंचाळतं, पुढे जात नाही, आपल्याला कळतं. प्लास्टिक मात्र मुकाट कापलं जातं.

ते मुकाट कापलं जाणं मी हाताने अनुभवलं आहे. गंगापूर रोडवरच्या माझ्याच घरी, दाराला चुंबकाचा स्टॉपर लावायचा होता. रविवार, दुपारची वेळ, सहा मिलिमीटरचं बिट, दोन मिनिटांचं काम. टाइल गेली, करडी पूड वर येत होती, आणि अचानक ड्रिल लोण्यात गेल्यासारखं हलकं झालं. बिटाच्या चरांतून पिवळट, साबणाच्या किसासारखे कुरळे तुकडे वर आले. पाणी नव्हतं, कारण बिटच बूच होऊन बसलं होतं. आणि मी शहाण्याने ते ओढून काढलं. कारंजं थेट माझ्या चष्म्यावर. गच्चीला कुलूप, चावी सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी त्र्यंबकला दर्शनाला. चाळीस मिनिटं बायकोने पायाच्या टाचेने भोक दाबून धरलं होतं. वरताण म्हणजे ती लाइन मी स्वतः उभं राहून टाकून घेतली होती.

म्हणून बिट मऊ गेलं, पिवळट किस दिसला, तर बिट तिथेच राहू द्यायचं, ड्रिल त्यातून सोडवून बाजूला ठेवायचं आणि आधी कॉक बंद करायचे. दोन्ही लाइनचे. सोलरचा कॉक वेगळा असतो, हे घाईत हमखास विसरतं.

आता तुमचा प्लंबर. आपल्याकडे बोअर घ्यायच्या आधी पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा धरून शेतात फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे खूण. सिन्नरकडच्या माझ्या नातेवाइकांनी दोनदा खूण केलेल्या जागी बोअर घेतलं. एकदा पाणी लागलं, एकदा धूळ. लागलेल्याची गोष्ट अजून सांगतात. ठोकून पाइप सांगणारा प्लंबर याच जातीचा. फरशी ठोकल्यावर जो पोकळ आवाज येतो तो टाइलखाली माल नीट न भरल्याचा असतो. पाइप मालात घट्ट बसलेला असेल तर त्याच्या डोक्यावर ठोकूनही आवाज भरीवच येईल. त्यामुळे ठोकून घ्या, पण खांबासाठी पोकळ टाइल टाळायला. पाइप शोधायला नको.

तरी प्लंबरला घालवून देऊ नका. तो कानाने सांगू शकणार नाही, पण डोक्याने सांगू शकेल. त्याला विचारा, 'ही लाइन तुला टाकायची असती तर कुठून नेली असतीस?' लाइन फरशीत उतरते ती जागा तुम्हाला माहीत आहे आणि ओट्याखाली वर येते ती जागाही. मधे काय झालं असेल ते मिस्त्रीच्या आळसावरून ओळखता येतं, आणि तो आळस भल्याभल्या यंत्रांपेक्षा भरवशाचा. भिंतीत पाइप काटकोनात जातो. फरशीत मात्र तसा नियम कुणी पाळत नाही. एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, वाचवायला सरळ तिरपा मारतात. दोन टोकांना सुतळी ताणून धरा आणि तो तिरका रस्ता बघा. नंतर भिंतीलगतचा काटकोनी रस्ता बघा. बहुतेक वेळा या दोनांपैकी एक निघतो.

आणखी एक खजिना घरातच असतो. काम चालू होतं त्या दोन महिन्यांतले फोटो शोधा. तुमच्या, यजमानांच्या, दिरांच्या, नणंदेच्या फोनमध्ये. पाइपचा फोटो कुणी काढलेला नसतो, पण 'ही टाइल बरी का ती?' म्हणून पाठवलेल्या फोटोत मागे उघडा पॅसेज असतो. एका वाचकाला त्याची लाइन मुलीच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत सापडली होती. अर्धवट कामातच केक कापला होता.

यजमानांच्या मशीनकडे वळू. ऑनलाइन दिसणारं हजार-दोन हजारांचं मशीन धातू आणि चालू वायर शोधतं. तुमच्या भिंतीच्या कामासाठी ते उपयोगी आहे, पण प्लास्टिकच्या पाइपसाठी ते आंधळं आहे. उलट फरशीखाली सळ्यांची जाळी असल्यामुळे ते जागोजागी पीं-पीं करेल आणि तुम्ही घाबरून जाल. किंवा त्याहून वाईट, ते गप्प बसलं म्हणून तुम्ही निर्धास्त व्हाल.

प्लास्टिक दिसतं ते रडारच्या मशीनला. बॉश, हिल्टी अशा कंपन्यांची अशी यंत्रं येतात, मोठ्या कामांवर काँक्रीट कापण्याआधी वापरतात. ती जमिनीत लहरी सोडतात आणि जिथे एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो तिथून लहर परत फिरते. दोन पदार्थ विजेच्या दृष्टीने जितके वेगळे तितकी परतफेड जोरकस. त्यासाठी एक आकडा असतो : हवेचा १, प्लास्टिकचा साधारण ३, कोरड्या काँक्रीटचा ५ ते ८ च्या घरात आणि पाण्याचा तब्बल ८०. त्यामुळे पाण्याने भरलेला प्लास्टिकचा पाइप या मशीनला ठळक दिसतो, रिकामा पाइप अंधूक. लोक नेमकं उलटं करतात, सुरक्षितपणा म्हणून आधी लाइन रिकामी करतात आणि मग स्कॅन करतात. स्कॅन करताना लाइन भरलेली ठेवा, रिकामी करायची ती ड्रिलच्या वेळी. फरशी त्या दिवशी पुसू नका, ओलावा लहरी खातो. सळ्या दाट असतील तर त्यांच्याखालचं काही दिसत नाही, पण तुमचा पाइप सळ्यांच्या वर आहे, ते नशीब समजा.

हे मशीन विकत घेणं एका खांबासाठी वेडेपणा आहे. ते ठेवणारा कुणी तासाभरासाठी येत असेल तर बोलवा. आल्यावर आधी त्याची परीक्षा घ्या. जिथे पाइप आहे हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, म्हणजे लाइन जिथे फरशीत उतरते तिथून हातभर पुढे, तिथे ते फिरवायला सांगा. तिथे दाखवलं तर पुढचं ऐका. आणि माहितीपत्रकात खोलीचे आकडे धातूसाठी वेगळे, प्लास्टिकसाठी वेगळे असतात. मोठ्या अक्षरात छापलेला आकडा धातूचा असतो.

आता तुमचं शेवटचं वाक्य. 'थंडीत सकाळी दोन फरश्या कोमट लागतात, पण आता त्यांचं वय झालंय.'

ताई, त्यांचं वय झालंय म्हणूनच त्यांना कळलंय. तुम्ही-आम्ही सकाळी चपला घालून, चहाच्या घाईत तो पॅसेज चार ढांगांत ओलांडतो. त्या अनवाणी, एकेक पाऊल चाचपत जातात. सकाळी कुणीतरी स्वयंपाकघरात गरम पाणी सोडतं, ते सोलरचं पाणी त्या पाइपातून जातं, पाइप माल तापवतो, माल फरशी तापवतो. दोनच फरश्या कोमट, म्हणजे लाइन तिरपी गेली असावी. पूर्ण पॅसेजभर लांबीने गेली असती तर चार-पाच फरश्या लागल्या असत्या. यजमानांनी मशीन शोधायच्या आधीपासून उत्तर घरात होतं.

त्याची नीट परीक्षा करू. नाशिकची थंडी यासाठी फार सोयीची. डिसेंबर-जानेवारीतली एक पहाट निवडा, फरशी गारठलेली असताना. आदल्या रात्रीपासून गरम लाइन कुणी उघडायची नाही. पहाटे ओट्याचा गरम नळ सोडा, खाली बादली लावा. कढत पाणी आलं की धार बारीक करा आणि अर्धा तास बारीकच चालू ठेवा. ते पाणी धुण्याला वापरा, वाया घालवू नका. अर्धा तास यासाठी की सव्वा इंच माल आणि टाइल यातून ऊब वर यायला वीसेक मिनिटं लागतातच. पाच मिनिटांत हात लावून 'काही नाही' म्हणणारे बरेच पाहिले.

मग सासूबाईंना खुर्ची द्या, पाय अनवाणी. त्या सांगतील तिथे तुम्ही पालथा हात फिरवा, तळव्यापेक्षा हाताच्या पाठीला फरक लवकर कळतो. ओलं फडकं घट्ट पिळून सगळ्या पॅसेजवर एकच हात फिरवा आणि बघत बसा. पाइपावरचा पट्टा आधी सुकेल. त्याच्या दोन्ही कडांवर रंगीत चिकटपट्टी लावा. खडू नको, ओल्या फरशीवर टिकत नाही. पट्टा पाइपापेक्षा बराच रुंद येईल, कारण ऊब पसरते. पाइप साधारण मधोमध समजायचा.

थर्मल कॅमेरा मिळाला तर सोन्याहून पिवळं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मेंटेनन्सवाले विजेचं पॅनेल कुठे तापतंय ते बघायला तो वापरतात; मोबाइलला जोडायचाही येतो. तुमच्या किंवा शेजारच्यांच्या ओळखीत कुणी असेल तर एका चहावर काम होईल. त्याचा दुसरा फायदा गार लाइनसाठी. गरम लाइन सापडली म्हणून हुरळून जाऊ नका, तिच्या शेजारून गार लाइन गेली आहे आणि ती कोमट लागणार नाही. पण पहाटे गच्चीच्या टाकीतलं पाणी घरातल्या फरशीपेक्षा गार असतं. आधी गरम लाइनची परीक्षा, दुसऱ्या दिवशी पहाटे गार नळ सोडून तीच; कॅमेऱ्यात गार पट्टा निळा दिसेल. कॅमेरा नसेल तर एप्रिलपर्यंत थांबायचं. भर दुपारी काळ्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की 'गार' नळाखाली हात धरवत नाही. तेव्हा गार लाइनही हाताला सापडते. तोवर थांबणं शक्य नाही, तर चिकटपट्टीपासून दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडा आणि खांब त्याच्या पलीकडे घ्या.

सुतळी, जुना फोटो आणि कोमट पट्टा, यांतल्या दोन गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर मी पुढे जाईन. एकीवरच विसंबून नाही.

पुढे जातानाही ड्रिल सरळ आत घालायचं नाही. बिटाला टाइलच्या जाडीएवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळा आणि ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके मारणारा मोड, बंद ठेवून फक्त टाइलपुरतं भोक घ्या. त्याखालचा माल बोथट स्क्रूड्रायव्हरने हाताने उकरा, पूड फुंकणीने किंवा व्हॅक्यूमने काढा, टॉर्च मारून बघा. माल कच्चा असतो, दहा-पंधरा मिनिटांत तळाचा करडा, कडक स्लॅब दिसतो. स्लॅब दिसला म्हणजे त्या भोकात पाइप नाही. तिथून पुढे हॅमर. चारही भोकांना हे करायचं, एक केलं म्हणून तीन सोडायची नाहीत. पाइप दोन भोकांच्या मधून जायला मोकळा आहे. फॅब्रिकेटरला हे कंटाळवाणं वाटेल. त्याला सांगा, तासाभराचे जास्त पैसे घे. माळ्यावर उरलेल्या टाइल्स असतील आणि मन खात्री मागत असेल तर एक अख्खी टाइल काढून बघायलाही हरकत नाही. त्याहून पक्का मार्ग मला माहीत नाही.

त्या दिवशीची तयारी : गच्चीची चावी आदल्या रात्रीच आणून ठेवा. गार लाइनचा आणि सोलरचा, दोन्ही कॉक बंद, खालचे नळ उघडून लाइन रिकामी. पॅसेजचा विजेचा पुरवठा बंद, ड्रिल बॅटरीचं. प्लंबर त्या वेळी घरात, त्याच्या पिशवीत पाऊण इंची दोन कपलर (पाइप जोडायचे तुकडे), हातभर पाइप आणि सोल्व्हंट, म्हणजे पाइप चिकटवायचा डबा. पाइपला लागलंच तर पुटी भरून वर टाइल बसवू देऊ नका. ती आठवडाभर टिकते आणि मग झिरपते. खराब तुकडा कापून जोड मारायचा, डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्यायचं, मग पाणी सोडून रात्रभर उघडं ठेवून बघायचं. काही लागलं नसेल तरी भोकं पाडून झाल्यावर, फास्टनर घालण्याआधी, सगळे नळ बंद करून गरम-गार दोन्ही लाइन चालू ठेवा आणि दोन तासांनी भोकांत कागदाचा तुकडा घालून बघा.

इतर वाचकांसाठी, ज्यांच्या घरी आत्ता काम चालू आहे : माल पसरण्याआधी पाइपशेजारी मोजटेप उघडून ठेवा आणि फोटो काढा, टेपचा शून्य भिंतीला लावून. फोटो फोनमध्ये हरवतो. प्रिंट काढून स्वयंपाकघरातल्या एखाद्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. ताई, तुम्हीही चिकटपट्टी काढायच्या आधी हेच करा.

खालच्यांचं राहिलं. काम संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात ठेवा. संक्रांतीला तिळगूळ घेऊन खाली जा. मागच्या गळतीचा विषय काढू नका. एवढंच सांगा की अमुक दिवशी वर ड्रिल लावणार आहोत, आईंसाठी आधाराचा खांब आहे, पाणी बंद करूनच करतोय, तरी छताला काही ओल वाटली तर लगेच हाक मारा. दार न उघडलं तर डबा दाराच्या कडीला अडकवून या, चिठ्ठीत तारीख लिहून. आणि शक्य असेल तर सासूबाईंना सोबत न्या, लिफ्टने. त्यांच्याशी कुणाचं बोलणं बंद असल्याचं तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही.